रॉक अँड रोलचं मूळ पियानोच्या डाव्या हातात

रॉक अँड रोलचं पहिलं गाणं कोणतं, हा वाद कित्येक वर्षं चालू आहे. कुणी १९५१ची ‘रॉकेट ८८’ ही रेकॉर्ड पुढे करतं, कुणी १९४९च्या अखेरीस मुद्रित झालेलं फॅट्स डॉमिनोचं ‘द फॅट मॅन’, तर कुणी सिस्टर रोझेटा थार्पच्या १९४४मधल्या एका भक्तिगीतापर्यंत मागे जातं. एल्व्हिस प्रेस्लीपासून मोजणारे तर असंख्य. हा वाद मिटायचा नाही, कारण या संगीताला जन्मतारीख नाहीच. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या कृष्णवर्णीय मजुरांच्या नाचात, त्यांच्या चर्चमध्ये आणि गोऱ्या शेतकऱ्यांच्या फिडलवादनात ते अनेक वर्षं मुरत होतं. पण ते जुळून कसं आलं, हे कानाने शोधता येतं. गिटार हे या संगीताचं चिन्ह झालं खरं, पण शोधत मागे मागे गेलं की बहुतेक धागे पियानो वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताशी येऊन पोचतात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्व टेक्सास आणि लुइझियानात पाइनची जंगलं तोडण्याचं काम जोरात होतं. रेल्वे आत आत सरकत होती आणि तिच्या आधाराने लाकूडतोड्यांच्या छावण्या उभ्या राहत होत्या. गुलामगिरी संपून जेमतेम एक पिढी उलटलेली. मजुरांमध्ये कृष्णवर्णीयांची संख्या मोठी होती आणि त्यांच्या संध्याकाळसाठी छावणीत दारूचा गुत्ता असे. अशा गुत्त्याला बॅरलहाउस म्हणत. साधी खोली, दारूची पिंपं आणि कोपऱ्यात एक पियानो. वाजवणारा बहुधा एकटाच. ड्रम नाही, बास नाही, साथीला कुणी नाही, आणि समोर खोलीभर माणसं पाय आपटत नाचताहेत. मग ड्रम आणि बास या दोघांचंही काम त्याच्या डाव्या हाताला करावं लागलं. खर्जात एक ठरलेली सुरावट, एका बारात, म्हणजे चार मात्रांत, आठ ठोके, रात्रभर न थांबता. त्याच्यावर उजवा हात मनाला येईल ते वाजवायला मोकळा. पुढे या वादनाला बूगी-वूगी हे नाव मिळालं.

घरी हार्मोनियम असेल तर हे करून बघा. खर्जात सा, ग, प, ध, कोमल नी, ध, प, ग असं वाजवा आणि लगेच पुन्हा सा धरा. आठही सूर सारख्या अंतराने वाजवू नका. दोन-दोनच्या जोड्या करा, जोडीतला पहिला सूर जरा लांब आणि दुसरा जरा आखूड. या झोकाला शफल म्हणतात. थोडा वेळ सलग वाजवलंत की पाय आपोआप हलायला लागतो. पंचमावरून धैवताला आणि तिथून कोमल निषादाला स्पर्श करून परत येणं, या एवढ्याशा हालचालीवर पुढची कित्येक वर्षं उभी आहेत.

ही सुरावट ज्या चौकटीत फिरते ती ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या गायनप्रकाराची. ब्लूजची बारा बारांची रचना कळली की अर्धं रॉक अँड रोल कळलं, असं मी तरी बिनदिक्कत म्हणेन. चार मात्रांचा एक बार, असे बारा बार, म्हणजे ४८ मात्रांचं एक आवर्तन. पहिले चार बार ‘सा’च्या कॉर्डवर, म्हणजे ‘सा’वर उभ्या केलेल्या, एकत्र वाजणाऱ्या सुरांवर. मग दोन बार ‘म’वर, दोन बार परत ‘सा’वर. शेवटच्या चारांत एक बार ‘प’वर, एक ‘म’वर आणि उरलेले दोन पुन्हा घरी, ‘सा’वर. शब्दांचीही तशीच मांडणी असते. एक ओळ गायची, तीच ओळ पुन्हा गायची, आणि तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर द्यायचं. दोन वेळा ऐकून झाल्यामुळे ऐकणारा उत्तराची वाट बघत असतो. गाणाऱ्याची प्रत्येक ओळ तिच्या वाट्याच्या चार बारांच्या मध्यावर संपते आणि उरलेल्या जागेत वाद्य तिला प्रतिसाद देतं. एकाने पुकारायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं, ही पद्धत शेतावरच्या कामाच्या गाण्यांतून आणि चर्चमधून आली, आणि तिच्या मागे पश्चिम आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांची स्मृती आहे.

बूगी-वूगी हे नाव सर्वदूर नेलं पाइनटॉप स्मिथ या पियानोवादकाने. डिसेंबर १९२८मध्ये शिकागोत त्याने मुद्रित केलेली रेकॉर्ड आजही ऐकायला मिळते. वाजवता वाजवता तो नाचणाऱ्यांना सूचना देतो, थांबायला सांगतो, पुन्हा हलायला सांगतो. रेकॉर्डिंगच्या खोलीत बसूनही त्याच्या डोळ्यांसमोर नाचघरच आहे. पुढच्याच मार्चमध्ये एका नाचघरात गोळी लागून तो गेला. वय २४.

दहा वर्षांनी, २३ डिसेंबर १९३८ला, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये जॉन हॅमंड या गोऱ्या निर्मात्याने कृष्णवर्णीय संगीताची एक मोठी मैफल घडवून आणली. जिथे पाश्चात्त्य अभिजात संगीत व्हायचं, त्या मंचावर अल्बर्ट अॅमन्स, मीड लक्स लुइस आणि पीट जॉन्सन हे तीन बूगी वादक बसले. जॉन्सनबरोबर होता बिग जो टर्नर. हा माणूस कॅन्सस सिटीच्या क्लबांत गल्ल्यामागे उभा राहून दारू द्यायचा आणि तिथूनच, मायक्रोफोनशिवाय, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं गायचा. आठवड्याभरातच दोघांनी ‘रोल एम पीट’ मुद्रित केलं. एक आवाज आणि एक पियानो, बाकी काही नाही. तरीही पुढे ज्याला रॉक अँड रोल म्हटलं गेलं त्याचा वेग, जोर आणि बेफिकिरी तिथे पुरेपूर आहे. याच टर्नरने १९५४मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, ‘शेक, रॅटल अँड रोल’ गायलं. मध्ये सोळा वर्षं गेली, पण त्याच्या गाण्यात फार फरक पडलेला नाही. फरक पडला तो ऐकणाऱ्यांत.

त्या मैफलीनंतर देशभर बूगीची लाट आली. मोठमोठे ऑर्केस्ट्रा ती वाजवू लागले. मग महायुद्ध आलं आणि ऑर्केस्ट्राच मोडकळीला आले. वादक सैन्यात गेले, पेट्रोल आणि टायर रेशनवर मिळू लागले, १९४४मध्ये नाचाच्या ठिकाणांवर ३० टक्के कर बसला. पंधरा-वीस जणांना घेऊन गावोगाव फिरणं परवडेना. दुसरीकडे दक्षिणेतली कृष्णवर्णीय माणसं युद्धसाहित्याच्या कारखान्यांत कामासाठी उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे निघाली होती. १९१० ते १९७० या काळात असे सुमारे ६० लाख लोक स्थलांतरित झाले. त्यांच्या हातात आठवड्याचा पगार होता, आणि शनिवारी रात्री त्यांना स्वतःचं संगीत हवं होतं.

ही नस ज्याने ओळखली तो लुई जॉर्डन. आर्कान्सामधल्या ब्रिंकली गावचा, सॅक्सोफोन वाजवणारा, मोठ्या ऑर्केस्ट्रात तयार झालेला. त्याने मोजक्या वादकांचा चमू केला आणि ऑर्केस्ट्राचा सगळा दणका त्यांच्याकडून काढला. खाली बूगीचा शफल, वर सॅक्सोफोनचे छोटे ठोस तुकडे, आणि मध्ये जॉर्डनचं बोलल्यासारखं, खट्याळ गाणं. विषय रोजचे असत. रेल्वेचा प्रवास, शनिवारची मेजवानी, पोलिसांची धाड. १९४६चं ‘चू चू च बूगी’ कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या यादीत १८ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. या शैलीला जंप ब्लूज म्हणतात. रॉक अँड रोलचं सगळ्यात जवळचं पूर्वज कोण, असं विचारलं तर माझं बोट जॉर्डनकडेच जाईल. त्याच्या रेकॉर्ड ज्याने केल्या त्या मिल्ट गॅब्लरनेच १९५४मध्ये बिल हेली या गोऱ्या गायकाचं ‘रॉक अराउंड द क्लॉक’ केलं, आणि हेलीच्या वादकांना तो जॉर्डनचे तुकडे गुणगुणून दाखवायचा.

आता टाळीकडे वळू. आपल्याकडे चार मात्रा मोजताना समेवर जोर येतो, हाताची टाळीही समेवर पडते. रॉक अँड रोलमध्ये जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतो. एक-दोन-तीन-चार. याला बॅकबीट म्हणतात. सवय नसेल तर सुरुवातीला पाऊल उलटं पडल्यासारखं वाटतं, पण एकदा पकडलं की गाणं पुढे ओढत नेतं. ही टाळी आली चर्चमधून. पेंटेकोस्टल पंथाच्या कृष्णवर्णीय चर्चमध्ये देवाची स्तुती अंगात येऊन, नाचून, टाळ्या आणि टँबुरिन वाजवून होते. रोझेटा थार्प तिथेच वाढली. जन्म १९१५, गाव आर्कान्सामधलं कॉटन प्लांट. आई धर्मप्रचारक आणि मँडोलिनवादक होती, मुलगी लहानपणापासून तिच्याबरोबर गात गिटार वाजवत फिरली. कार्नेगी हॉलच्या त्या मैफलीतही ती होती. १९४४मध्ये तिने ‘स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे’ मुद्रित केलं. शब्द भक्तीचे, साथीला सॅमी प्राइसचा बूगी पियानो, आणि मध्ये तिची इलेक्ट्रिक गिटार अशी वाजते की पुढच्या पिढीचे गिटारवादक तिथूनच शिकले हे वेगळं सांगावं लागत नाही. पुढच्या वर्षी ते गाणं कृष्णवर्णीयांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. १९४७मध्ये जॉर्जियातल्या मेकन शहरात तिने एका चौदा वर्षांच्या मुलाला मंचावर बोलावून गायला लावलं. तो पुढे रॉक अँड रोलचा गायक लिटल रिचर्ड झाला. थार्प १९७३मध्ये गेली. रॉक अँड रोलच्या हॉल ऑफ फेममध्ये तिचं नाव लागायला २०१८ उजाडलं, आणि या विलंबाचं मला अजूनही वाईट वाटतं.

चर्चची टाळी नाचघरात आली तो क्षण आपल्याला चक्क ऐकता येतो. १९४७च्या उन्हाळ्यात न्यू ऑर्लीन्समध्ये रॉय ब्राउनने स्वतःचं ‘गुड रॉकिंग टुनाइट’ मुद्रित केलं. हे गाणं त्याने आधी वायनोनी हॅरिस या गायकाला देऊ केलं होतं, हॅरिसने ते नाकारलं. ब्राउनचं चालतंय असं दिसल्यावर डिसेंबरमध्ये हॅरिसनेही ते गायलं. दोन्ही लागोपाठ ऐका. ब्राउनचं गाणं सैल आहे, गोड झुलतं. हॅरिसच्या रेकॉर्डमध्ये दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर सगळे मिळून टाळ्या वाजवताहेत, आणि तेवढ्याने तेच गाणं अंगावर येतं. सात वर्षांनी एल्व्हिसने तेच गाणं पुन्हा गायलं.

टाळीचं काम ड्रमवर नेलं न्यू ऑर्लीन्सने. तिथे रँपार्ट स्ट्रीटवर कोझिमो मटासा या इटालियन वंशाच्या माणसाच्या दुकानामागे एक लहानसा स्टुडिओ होता. डिसेंबर १९४९मध्ये तिथे ‘द फॅट मॅन’ झालं, डेव्ह बार्थोलोम्यू या निर्मात्याच्या देखरेखीखाली. ड्रमवर अर्ल पामर. त्याने स्नेअर ड्रमवर बॅकबीट धरला तो गाणं संपेपर्यंत सोडलाच नाही. १४ सप्टेंबर १९५५ला त्याच स्टुडिओत लिटल रिचर्ड ‘टुटी फ्रुटी’ गायला बसला. रिचर्ड उजव्या हाताने पियानोवर आठही ठोके सारखे, सपाट, हातोडीसारखे मारत होता. त्यात लांब-आखूडचा झोका नव्हता. शफलमध्ये मुरलेल्या पामरला त्याच्याबरोबर राहण्यासाठी स्वतःचे ठोकेही तसेच सरळ करावे लागले. शफलचा झोका जाऊन सरळ आठ ठोके येणं, हाच माझ्या मते या संगीताचा खरा सांधा आहे. त्यानंतरचं बहुतेक सगळं रॉक सरळ आठांवर चालतं. आणि त्या दोनतीन वर्षांतल्या कित्येक रेकॉर्डमध्ये एक वादक अजून झुलतोय आणि दुसरा सरळ धावतोय, ही ओढाताण स्पष्ट ऐकू येते. त्या गाण्यांची लज्जत त्यातच आहे.

गोऱ्यांच्या बाजूलाही हालचाल होती. डोंगराळ दक्षिणेतल्या संगीताला तेव्हा हिलबिली म्हणत. जिमी रॉजर्सने विसाच्या दशकातच ब्लूजची चौकट घेतली होती, टेक्सासच्या बॉब विल्सने फिडलला जॅझचा झोका दिला, आणि १९४६मध्ये डेलमोर बंधू गिटारवर बूगी वाजवत होते. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय माणसांना वेगळ्या दारांतून आत सोडणारे कायदे रेडिओच्या लहरींना अडवू शकले नाहीत.

जुलै १९५४मध्ये मेंफिसच्या सॅम फिलिप्सच्या स्टुडिओत एल्व्हिसची पहिली तबकडी झाली. तिच्या एका बाजूला आर्थर क्रडप या कृष्णवर्णीय ब्लूज गायकाचं ‘दॅट्स ऑल राइट’ आहे. दुसऱ्या बाजूला बिल मन्रो या गोऱ्या गायकाचं ‘ब्लू मून ऑफ केंटकी’. मन्रोचं मूळ गाणं तीन मात्रांचं, वॉल्ट्झचं, म्हणजे आपल्या कानाला दादऱ्याच्या वळणाचं. एल्व्हिस आणि त्याच्या दोघा साथीदारांनी ते चार मात्रांत घालून पळवलं. ड्रम नव्हता, बिल ब्लॅक आपल्या उभ्या बासच्या तारा लाकडावर आपटून तो भरून काढत होता. मन्रोला ते इतकं भावलं की त्याच वर्षी त्याने स्वतःचं गाणं पुन्हा मुद्रित केलं, सुरुवात तीन मात्रांत करून पुढे चारांत. क्रडपच्या वाट्याला मात्र हक्काचे पैसे आले नाहीत. तो १९७४मध्ये गेला.

हे सगळं आपल्यापर्यंत यायलाही फार काळ लागला नाही. पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्रांनी १९५७मध्ये ‘आशा’साठी ‘इना मीना डीका’ केलं, तेव्हा अमेरिकेत ही लाट अजून भरात होती.

आता डाव्या हाताकडे परत येऊ, कारण तो पियानोवरून उतरून गिटारवर कसा गेला हे सांगायचं राहिलंच. ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सनने १९३६मध्येच सॅन अँटोनियोतल्या मुद्रणात गिटारच्या खालच्या तारांवर बूगीचा डावा हात बसवला होता. सा-प, सा-प, सा-ध, सा-ध असा. पण साध्या गिटारचा आवाज गर्दीत बुडायचा. मडी वॉटर्स १९४३मध्ये मिसिसिपीच्या कापसाच्या मळ्यावरून शिकागोला आला आणि तिथल्या क्लबांच्या कोलाहलात ऐकू जावं म्हणून त्याने इलेक्ट्रिक गिटार धरली. मग १९५१मध्ये आइक टर्नरचा चमू ‘रॉकेट ८८’ मुद्रित करायला मेंफिसला निघाला, आणि वाटेत गिटारचा अँप्लिफायर खराब झाला. स्पीकरचा कागदी कोन फाटला होता. सॅम फिलिप्सने त्यात कागद कोंबला आणि तसंच रेकॉर्डिंग केलं. फाटक्या कोनामुळे सूर खरखरीत, जाडसर झाला. फिलिप्सला ते आवडलं, म्हणून त्याने ते झाकलं नाही. नीट ऐका, ती खरखरीत गिटार कुठलीही तान मारत नाही. ती बूगीचा डावा हात वाजवते.

शेवटचा पुरावा गायक आणि गिटारवादक चक बेरी. सेंट लुइस भागातला पियानोवादक जॉनी जॉन्सन याने १९५२च्या शेवटच्या रात्री एका आजारी वादकाच्या जागी बेरीला आपल्या चमूत घेतलं. चमू जॉन्सनचा, बेरी बदली. अडीच वर्षांत चित्र पालटलं. मे १९५५मध्ये शिकागोच्या चेस कंपनीत ‘मेबेलीन’ मुद्रित झालं, तेही बॉब विल्सने १९३८मध्ये वाजवलेल्या ‘आयडा रेड’ या गोऱ्यांच्या फिडलगाण्यावरून. १९५८च्या ‘जॉनी बी. गुड’ची जगप्रसिद्ध सुरुवातीची तान लुई जॉर्डनच्या १९४६च्या एका रेकॉर्डमधली आहे, तिथे ती कार्ल होगनने वाजवली होती, आणि बेरीने हे ऋण मोकळेपणाने मान्य केलं. त्या तानेखाली गिटार काय करते? सा-प, सा-ध.

बेरीच्या गाण्यांच्या पट्ट्याही बघण्यासारख्या आहेत. गिटारवाल्याला पांढरी तीन किंवा पांढरी सहा सोयीची, कारण तिथे मोकळ्या तारा हाताशी येतात. ‘जॉनी बी. गुड’ आहे काळी पाचमध्ये. त्याची आणखीही गाणी काळी पाच आणि काळी दोनमध्ये आहेत. त्या पट्ट्या पियानोवाल्यांच्या आणि सॅक्सोफोनवाल्यांच्या. गिटारवर वाजणारी ही गाणी पियानोच्या आजूबाजूला बांधली गेली, याची खूण तिथेच आहे.

जॉन्सनने नंतर काही काळ सेंट लुइसमध्ये ज्येष्ठ नागरिकांची बस चालवली. २००० साली त्याने न्यायालयात दावा लावला, की बेरीच्या नावावरच्या अनेक गाण्यांचं संगीत दोघांनी मिळून केलं आहे. हॉल ऑफ फेमने २००१मध्ये त्याचा साथीदारांच्या विभागात सन्मान केला. २००२मध्ये न्यायालयाने मुदत उलटून गेली म्हणून दावा काढून टाकला. गाण्यांचं श्रेय कुणाचं, हा मूळ प्रश्न त्यामुळे तसाच राहिला. ज्याला स्वतःच्या कानाने ठरवायचं असेल त्याने ‘मेबेलीन’च्या तबकडीची मागची बाजू लावावी, ‘वी वी अवर्स’. तो संथ ब्लूज आहे. बेरी गातो, आणि त्याच्या दोन ओळींमधली सगळी जागा जॉन्सनचा पियानो भरून काढतो.